दाढेतील फिलिंग व त्याचा टिकाऊपणा

दाढेतला किडलेला भाग कोरून काढल्यावर त्या पोकळीत अमाल्गम म्हणजे बोलीतली 'चांदी', रेझिनचे कंपोझिट किंवा ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. चावण्याचा मुख्य भार दाढांवर येतो आणि दोन दाढांमधल्या फटीत ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे फिलिंगची खरी कसोटी इथेच लागते.

चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. बाकी खरी चांदी, कथील व तांबे. ती दाताला चिकटत नाही, खाचेत अडकून राहते. म्हणून थोडी निरोगी दाढही कोरावी लागते. मात्र भरताना किंचित ओल राहिली तरी तिचे निभावते, आणि कडेला साचणारा गंज पुढे बारीक फटी बुजवतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ मध्ये झाल्यापासून तिचा वापर घटत चालला आहे.

कंपोझिट दाताच्या रंगाचे असते व दाताला चिकटते, पण घट्ट होताना आकसते. म्हणून ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरतात. नाजूक जागा असते ती दोन दाढांमधली, हिरडीलगतची. तिथे लाळेचा किंवा रक्ताचा थेंब आला की जोड कच्चा राहतो. वरून फिलिंग चकचकीत दिसते आणि काही वर्षांनी एक्स-रेमध्ये त्याच काठाखाली किडीची काळी सावली उमटते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यात कंपोझिट निकामी होण्याचा धोका चांदीच्या जवळपास दुप्पट आढळला. त्यात पुन्हा लागणाऱ्या किडीचा वाटा मोठा होता. कीड कमी लागणाऱ्या तोंडात मात्र चांगले भरलेले कंपोझिट दहा वर्षांहून अधिक सहज टिकते. ग्लास आयोनोमर फ्लोराइड सोडते, पण झिजते लवकर. मोठ्या माणसाच्या दाढेत ते कायमचे धरू नये.

गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. पेडणे किंवा काणकोणहून तिथवर येणाऱ्याला सगळ्या दाढा एकाच खेपेत उरकाव्याशा वाटणे साहजिक आहे. तरीही रबर डॅम, म्हणजे लाळ अडवणारा पातळ रबरी पडदा, लावून एकच दाढ नीट कोरडी ठेवून भरून घेणे केव्हाही हिताचे. दाढेची भिंत पातळ उरली असेल तर सुपारी किंवा जत्रेतले कडक खाजे त्या बाजूने चावू नये. अशा वेळी बहुधा फिलिंगआधी दाढच तडकते.

कडेचा टवका उडाला म्हणून सगळे फिलिंग उकरायची गरज नसते, तेवढाच भाग दुरुस्त करता येतो. दर बदलीला पोकळी थोडी मोठी होते आणि नसेजवळ सरकते.