आधी कल्पून पाहिलेलं गाव : खानदेशातली पार्श्वभूमी

अजून नसलेली वस्ती तिथे राहणाऱ्यांच्या सोबतीने आधी कागदावर आणि मातीच्या नमुन्यात मांडायची, तिच्यावर मनसोक्त भांडायचं, आणि मगच बांधायचं की नाही ते ठरवायचं. नुकत्याच कामाला लागलेल्या काही आर्किटेक्टना या कामाची ओढ आहे. साक्री तालुक्यातली मी त्यांतलीच एक.

कॉलेजात याचा इतिहास परदेशातून सुरू होतो. 1961 मध्ये नेदरलँड्सच्या हाब्राकेन यांनी मांडलं की इमारतीचा सांगाडा सामायिक असावा, आतलं घर राहणाऱ्याने ठरवावं. 1965 मध्ये अमेरिकेत पॉल डेव्हिडॉफ म्हणाले, नगररचनाकाराने दुबळ्या वस्त्यांची वकिली करावी. आपल्याजवळचं उदाहरण इंदूरच्या अरण्य वसाहतीचं. तिथे बाळकृष्ण दोशींनी 1980 च्या दशकात जोतं, पाणी आणि संडास एवढंच तयार देऊन वरचं घर ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडलं.

पण खानदेशाची स्वतःची गोष्ट याहून जुनी आहे. डिसेंबर 1936 मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सगळं खेड्यातल्या सामानातून आणि खेड्यातल्या हातांनी व्हावं, हा गांधीजींचा आग्रह. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आणि आर्किटेक्ट म्हात्रे यांनी बांबू, चटया, गवत वापरून तिलकनगर उभं केलं. काही दिवसांपुरतं गाव ते. मला मात्र त्यात उद्याच्या देशातलं खेडं कसं दिसेल याचा पूर्ण मापाचा नमुना दिसतो, स्वातंत्र्याच्या जवळपास 11 वर्षं आधी मांडलेला.

तरी तिलकनगरची कल्पना वरून आली होती. गावाने स्वतः रचलेलं पाहायचं तर धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठी यावं लागतं. इथली फड पद्धत काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शिवाराचे तीन-चार फड, म्हणजे मोठे भाग. एका फडात एकच पीक, दरवर्षी आलटून पालटून. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी, त्यामुळे पाणी कमी पडलं की एखादा फड पडीक ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. दुष्काळ येणार हे धरूनच जमिनीची वाटणी केलेली. मला यापेक्षा चांगली रचना ठाऊक नाही.

याच्या उलट घडलं ते नंदुरबारमध्ये. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं सापडली. सातपुड्यातल्या पाड्यांवर भिल्ल-पावरा कुटुंबांची घरं एकमेकांपासून लांब, आपापल्या शेताला लागून. पुनर्वसनात वाट्याला आले रांगेत आखलेले प्लॉट. त्या आखणीआधी पाड्यावर बसून मातीत नमुना मांडला असता, तर अंगण, गुरं आणि शेत यांतलं अंतर कुणीतरी बोटाने दाखवलं असतं.

सध्या मी एका गावठाणाचा नकाशा घेऊन बसले आहे. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं पाडून सिमेंटची छतं येतायत. म्हाताऱ्या पाटकऱ्यांना मी एकच विचारते आहे: पाण्याचा फड असतो, तसा सावलीचा फड आखायचा झाला, तर पहिली झाडं कुणाच्या दारात लावायची?