पन्नाशीनंतर नोकरी शोधताय? आमच्याकडे येण्याआधी एवढं वाचून या

पन्नाशीपुढच्यांना नोकरी शोधायला, बायोडाटा आणि मुलाखतीची तयारी करायला आम्ही पुण्यात मदत करतो. ‘वयोमर्यादा 35’ ही ओळ इथल्या नोकरीच्या जाहिरातींत इतकी सर्रास दिसते, की अनेक जण ती सरकारी अट समजून अर्जच करत नाहीत. खासगी नोकरीत ती अट कंपनीची स्वतःची असते आणि योग्य माणूस समोर आला की बरेचदा सैलही होते. मात्र केवळ वयावरून नाकारलं म्हणून खासगी कंपनीला जाब विचारता येईल, असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी तो 1967 पासून आहे. आपल्या संविधानातलं सोळावं कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्या यादीत वय नाही. आम्हाला हा उघड अन्याय वाटतो. पण कायदा आज असा आहे, त्यामुळे ‘केस टाकून नोकरी मिळवून देतो’ असं कोणी म्हणालं तर त्याला पैसे देऊ नका.

अजून नोकरीत असाल, तर आधी हे वाचा. वय झालेल्या माणसाला थेट काढण्यापेक्षा ‘तुम्हीच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं केबिनमध्ये बोलावून सांगितलं जातं. तिथल्या तिथे सही करू नका. कागद घरी आणा, जाणत्या माणसाला दाखवा. कायद्याच्या व्याख्येनुसार तुम्ही कामगार असाल आणि किमान वर्षभर सलग सेवा झाली असेल, तर नोकरकपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. स्वखुशीचा राजीनामा दिलात, की ही भरपाई हातची जाते. मॅनेजरना हे संरक्षण नाही. त्यांनी नेमणूकपत्रातला नोटीस पिरियड पाहावा. पाच वर्षं सलग सेवा झालेल्यांची ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी बुडत नाही.

आता बायोडाटा. जन्मतारीख काढून टाका, डिप्लोमाचं साल लिहू नका, असा सल्ला सर्रास मिळतो. आम्ही तसं करत नाही. आधार आणि पीएफच्या नोंदीत तारीख दिसतेच, आणि लपवाछपवी उघड झाली की समोरच्याचा विश्वास उडतो. बदलायचा तो मजकूर. ‘टूलरूममध्ये 24 वर्षांचा अनुभव’ या ओळीतून मालकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी कोणत्या टनेजच्या प्रेसवर काम केलं, डाय दुरुस्तीला किती वेळ लागायचा आणि तुम्ही तो किती खाली आणला, कोणाला हाताखाली शिकवून तयार केलं, हे लिहा. कटिंगला बर (कडेला राहणारी खरखरीत धार) यायला लागली की पंच बोथट झालाय की क्लिअरन्स (पंच आणि डायमधली फट) बिघडलाय, हे जॉब हातात घेऊन सांगणारा माणूस भोसरीच्या छोट्या वर्कशॉपला सोन्यासारखा वाटतो. तिथे एचआरची चाळणी नसते, मालक स्वतः बोलतो. धायरी, चाकण, मार्केट यार्डातले गाळे, रविवार पेठेतली घाऊक दुकानं, सगळीकडे हेच. म्हणून आम्ही मोठ्या कंपन्यांच्या पोर्टलपेक्षा अशा ठिकाणी आधी फोन करतो, आणि तुम्हीही जुने सप्लायर, जुने सहकारी यांना निःसंकोच कळवा. ओळखीने काम विचारण्यात कमीपणा नाही.

अकाउंट्सवाल्यांनी आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या ताईंनी पूर्णवेळ नोकरीच हवी असा हट्ट धरू नये. दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्या दुकानदाराला 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी हे फॉर्म गाठायचे असतात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येत असेल तर अशी दोन-तीन दुकानं मिळून चांगलं काम उभं राहतं.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न: ‘आमचा मॅनेजर तुमच्या मुलाच्या वयाचा आहे, जमेल?’ ‘हो, जमेल की’ एवढ्यावर थांबू नका. वयाने लहान साहेबाच्या हाताखाली तुम्ही काय काम केलंत, ते एका प्रसंगातून सांगा. ‘आमच्या वेळी’ हे शब्द मात्र टाळा.

पेन्शनची घाई करू नका. पीएफची पेन्शन किमान 10 वर्षं सेवा झालेल्यांना 58 व्या वर्षी मिळते. नोकरी सुटल्यावर 50 नंतर आधीही घेता येते, पण 58 ला जेवढी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कपात होते. म्हणजे 56 व्या वर्षी घेतली तर 8 टक्के कमी, आणि तेही कायमचे. चार-सहा महिन्यांत काम मिळण्यासारखं असेल तर थांबणं फायद्याचं.

आम्ही नोकरीची हमी देत नाही. बायोडाटा आणि मुलाखतीच्या तयारीचं शुल्क आधी सांगतो, पावती देतो. पहिल्या पगारातून काही कापून घेत नाही. नोंदणी, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाखाली कोणी ऑनलाइन पैसे मागितले तर देऊ नका, आणि दिले गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. सरकारी नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी मोफत आहे. ती आमच्याकडे बसून करून घेता येईल.

येताना शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा, रिलीव्हिंग लेटर, पीएफचा यूएएन क्रमांक आणि मोबाइलवर चालू असलेला ईमेल आणा. जुना बायोडाटा नसला तरी चालेल. मुलगा किंवा सून सोबत आली तर उत्तमच, पण कामाबद्दल तुम्ही स्वतः बोला.