तळटिपेतले ‘तत्रैव’

अभंगात कवीचे नाव कवितेतच असते. शेवटच्या चरणात ‘तुका म्हणे’ आले की वेगळा निर्देश कोणाला लागत नसे. पण याच नाममुद्रेखाली इतरांच्याही रचना गाथेत शिरल्या. छापील गाथा निघाल्यावर अभंगांना क्रमांक मिळाले, तेही त्या त्या प्रतीपुरतेच. मुंबई सरकारच्या मदतीने १८६९ ते १८७३ या काळात छापलेल्या गाथेतला क्रमांक दुसऱ्या गाथेत जुळेलच असे नाही.

मराठीतून प्रबंध लिहिले जाऊ लागले तेव्हा तळटिपांची इंग्रजी पद्धत उचलली गेली आणि तिच्यातल्या लॅटिन संक्षेपांना संस्कृत वळणाचे पर्याय मिळाले. लगेच वरच्या टिपेतल्या ग्रंथासाठी ‘तत्रैव’. मधे दुसरा ग्रंथ येऊन गेला असेल तर लेखकाच्या नावापुढे ‘उ. नि.’, म्हणजे वर निर्देशिलेला ग्रंथ. ‘उ. नि.’ निदान लेखकाच्या नावाला धरून असते. ‘तत्रैव’ला स्वतःचे काहीच नाही, ते फक्त वरच्या ओळीकडे बोट दाखवते.

प्रबंध टंकलेखकाकडे एकदाच जायचा तोवर हे निभावले. संगणकावर परिच्छेद हलू लागले आणि घोळ झाला. समजा, बाराव्या टिपेत ज्ञानेश्वरी आहे, तेराव्यात ‘तत्रैव, पृ. ४०’. मार्गदर्शकांनी सुचवले म्हणून मधे एका कादंबरीची टीप घातली. तेरावी टीप चौदावी झाली आणि ज्ञानेश्वरीची ओवी कादंबरीच्या चाळिसाव्या पानावर जाऊन बसली. क्रमांक संगणकाने आपोआप बदलले, ‘तत्रैव’ मात्र तसेच राहिले.

अमेरिकेत आधुनिक भाषांच्या अभ्यासकांच्या संघटनेने १९८४ मध्येच वाक्याअखेर कंसात लेखक आणि पान देण्याची पद्धत स्वीकारली. आपल्याकडे त्यावर अजून एकमत नाही. पाठभेदाची, म्हणजे प्रतीप्रतींतल्या शब्दांच्या फरकाची, चर्चा कंसात मावत नाही, हा तळटिपेच्या बाजूचा मुद्दा खरा आहे. म्हणून तळटीप राहावी, ‘तत्रैव’ जावे. दर वेळी ग्रंथाचे संक्षिप्त नाव लिहायला दोन शब्द पुरतात.

लेखक-वर्ष ही समाजशास्त्रांकडून आलेली पद्धत तर जुन्या वाङ्मयाला मुळीच मानवत नाही. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीपुढे कंसात छापील प्रतीचे १९६० हे साल पाहून नवखा वाचक काय समजेल? त्यापेक्षा अध्याय आणि ओवी द्यावी. पसायदानाची पहिली ओवी प्रचलित प्रतींत १८.१७९४ आहे, संहिता बदलली की आकडा पुढेमागे होतो, म्हणून कोणती प्रत वापरली ते पहिल्याच टिपेत सांगावे.

२०१८ मध्ये उच्च शिक्षणाच्या केंद्रीय नियामकाने वाङ्मयचौर्याचे नियम आणले आणि सगळ्यांचे लक्ष इतरांच्या लेखनाशी दहा टक्के साम्याच्या मर्यादेवर खिळले. टक्का उतरावा म्हणून ओवी मोडून गद्यात लिहिणारे विद्यार्थी तेव्हापासून दिसतात, आणि ते पाहून वाईट वाटते. त्याच नियमांत, योग्य निर्देशासह दिलेले अवतरण मोजणीतून वगळलेले आहे.