सायकलवरून आलेले बाळंतपणाचे विज्ञान

पूर्व लंडनमधील गोदीकामगारांच्या वस्तीत, १९५० च्या दशकात, गर्भवतींच्या तपासणीच्या दिवशी एक प्रसाविका परीक्षानळीत लघवीचा नमुना घेते, नळी तिरपी धरून तिचा फक्त वरचा भाग ज्योतीवर उकळते आणि मग त्यात ॲसेटिक आम्लाचे, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते त्याच आम्लाचे, दोन-चार थेंब टाकते. उकळल्यावर आलेला गढूळपणा आम्लाने नाहीसा झाला, तर तो क्षारांचा असतो आणि त्यात काळजीचे कारण नसते. तो तसाच राहिला, तर अंड्याचा पांढरा बलक उष्णतेने जसा गोठतो तसे लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन गोठले आहे, असा त्याचा अर्थ होतो. निरोगी मूत्रपिंड हे प्रथिन बाहेर जाऊ देत नाही. त्याच्या जोडीला रक्तदाब वाढलेला असेल, तर बाईला पुढे झटके येऊ शकतात आणि आई व मूल दोघेही दगावू शकतात. आजार कशामुळे होतो हे त्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हते. तरीही झटके येण्याआधी त्या बाईला ओळखून रुग्णालयात पाठवणे या एका नळीमुळे शक्य होते.

असे तपशील आज सामान्य वाचकापर्यंत पोचले, ते मुख्यतः जेनिफर वर्थ (१९३५–२०११) यांच्या आठवणींमुळे. पॉपलर या वस्तीत त्यांनी परिचर्या करणाऱ्या अँग्लिकन जोगिणींच्या मठातून, सायकलवरून घरोघरी जाऊन, बाळंतपणे केली. प्रसाविकांना साहित्यात स्थानच नाही, अशी तक्रार टेरी कोट्स या प्रसाविकेने १९९८ साली आपल्या व्यवसायाच्या नियतकालिकात केली होती. ती वाचून वर्थ लिहित्या झाल्या आणि २००२ साली ‘कॉल द मिडवाइफ’ प्रसिद्ध झाले. पुस्तकात त्यांनी मठाचे नाव बदलून ‘नॉनाटस’ केले. सेंट रेमंड नॉनाटस हे ज्या संताचे नाव, तो मृत आईच्या पोटातून काढला गेला अशी आख्यायिका असून ‘नॉनाटस’ म्हणजे ‘न जन्मलेला’. ‘मिडवाइफ’साठी मराठीत ‘सुईण’ हा शब्द चटकन सुचतो. पण इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्यापासून या कामासाठी प्रशिक्षण आणि नोंदणी सक्तीची होत गेली होती, म्हणून येथे सरकारी वाटणारा ‘प्रसाविका’ हाच शब्द मी वापरतो.

पुस्तकातील घरे वाचताना अंगावर येतात. कोंदट चाळवजा इमारती, अनेक बिऱ्हाडांत एक नळ, कोळशाचा धूर, बॉम्बहल्ल्यांनी पाडलेल्या आणि वर्षानुवर्षे तशाच राहिलेल्या जागा. अशा ठिकाणी बाळंतिणी मोठ्या संख्येने मरत असणार, असे कोणालाही वाटेल; प्रत्यक्षातील हिशेब मात्र वेगळा होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९०० च्या सुमारास दर हजार जन्मांमागे दीडशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत मरत आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही संख्या साठाच्या खाली आली. अन्न, पाणी आणि घरे सुधारली की अर्भके जगतात, हे त्यातून दिसते. मातांचे मृत्यू मात्र या सगळ्या काळात हजारी चार ते पाचच्या घरात अडून बसले होते. वैद्यकीय इतिहासकार अर्व्हाइन लाउडन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, १९३० च्या सुमारास सुखवस्तू वर्गातील बायकांचा मृत्युदर मजुरांच्या बायकांपेक्षा किंचित जास्तच होता.

याचे कारण शोधताना बाळंतिणीच्या खोलीत कोण येते हे पाहावे लागते. बाळंतज्वराचा मुख्य जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, बाळंतिणीपर्यंत पोचे तो बहुतेकदा मदतीला आलेल्या माणसाच्या हातांवरून आणि घशातून. सुखवस्तू घरात डॉक्टर येत आणि काही वेळा बाळ ओढून काढण्यासाठी घाईने चिमटा (फोर्सेप्स) लावत. मजुराच्या घरी प्रसाविका येई, आणि ती बहुधा वाट पाहत बसे. गरीब बाई वाचे ती गरिबीमुळे अर्थातच नव्हे, कमी ढवळाढवळ झाल्यामुळे.

अडून बसलेला हा आकडा हलला तो १९३५ नंतर. जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी प्रोन्टोसिल या लाल रंगद्रव्याचा जंतूंवरील परिणाम जाहीर केला आणि लंडनच्या क्वीन शार्लट्स रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी ते बाळंतज्वराच्या रोग्यांना देऊन पाहिले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निष्कर्ष थक्क करणारे होते. त्याच सुमारास, राय धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीतून अर्गोमेट्रिन वेगळे करण्यात आले. वार पडल्यावर गर्भाशय सैल राहिले, तर तेथील उघड्या रक्तवाहिन्यांतून बाई काही मिनिटांत रक्तहीन होऊ शकते. हे औषध गर्भाशयाचा स्नायू आवळते आणि तोच स्नायू त्या वाहिन्या दाबून बंद करतो. पुढे पेनिसिलिन आले, रक्तपेढ्या उभ्या राहिल्या, आणि डॉक्टर व रक्त घेऊन घरी धावणारी तातडीची पथकेही आली. १९५० पर्यंत मातामृत्यू हजारी एकच्याही खाली गेले होते. घरे तीच होती आणि नळही तोच. वर्थ यांच्या पुस्तकाचे खरे वैज्ञानिक मूल्य मला येथे दिसते: दारिद्र्य अजून गेलेले नसताना बाळंतपण सुरक्षित झाले, कारण आवश्यक विज्ञान सायकलला बांधलेल्या पेटीत मावण्याइतके लहान झाले होते.

त्या पेटीतील सर्वांत साधी वस्तू म्हणजे आदोल्फ पिनार यांच्या नावाने ओळखला जाणारा गर्भाचे ठोके ऐकण्याचा छोटा कर्णा. त्याचे रुंद तोंड पोटावर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि मग हात काढून घ्यायचा, कारण बोटांची बारीकशी हालचालही कर्ण्यात घुमते आणि आतील ठोके, मिनिटाला १२० ते १६०, तिच्यात बुडून जातात. वेदनांसाठी लिव्हरपूलचे भूलतज्ज्ञ रॉबर्ट मिनिट यांनी १९३३ मध्ये तयार केलेले वायूचे यंत्र होते. त्यात नायट्रस ऑक्साइड आणि हवा निम्मी-निम्मी मिसळत असे, म्हणजे हवेतील २१ टक्के ऑक्सिजन जेमतेम दहावर येई. ही उणीव पुढे हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन मिसळून दूर झाली. मुखवटा बाईने स्वतःच धरायचा असे, कारण गुंगी वाढली की हात आपोआप गळून पडतो आणि मात्रा थांबते.

पुस्तकातील सर्वांत गाजलेला प्रसंग वीसहून अधिक मुलांच्या एका स्पॅनिश आईचा आहे. लंडनच्या दाट धुरक्यात ती पडली आणि फार लवकर प्रसूत झाली. बाळाला रुग्णालयात न्यायला तिने ठाम नकार दिला, त्याला छातीशी उघड्या त्वचेवर धरून ठेवले, थेंबाथेंबाने दूध पाजले, आणि ते जगले. अकाली जन्मलेल्या बाळाची त्वचा पातळ आणि चरबी नगण्य असते, शिवाय वजनाच्या मानाने पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निघून जाते. आईचे शरीर ती सतत भरून काढते. एका बाळावरून शास्त्रीय निष्कर्ष काढता येत नाही. पण १९७० च्या दशकाच्या अखेरीस बोगोटामध्ये एडगर रे सानाब्रिया यांनी हीच पद्धत ‘कांगारू मातृसेवा’ म्हणून सुरू केली, आणि भारतासह पाच देशांतील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ती दिल्यास कमी वजनाच्या बाळांचे २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले.

मात्र आठवणी कारणे सांगू लागल्या की सावध व्हावे. महिन्याला ऐंशी-शंभर बाळंतपणे होत होती ती १९६३ मध्ये चार-पाचवर आली, असे वर्थ सांगतात आणि त्याचे श्रेय गर्भनिरोधक गोळीला देतात. गोळी ब्रिटनमध्ये आली १९६१ मध्ये. पण इंग्लंड आणि वेल्समधील जन्मांनी त्या दशकातला उच्चांक गाठला तो १९६४ मध्ये, जवळपास पावणेनऊ लाखांचा. देशात पाळणे वाढत असताना एका वस्तीत ते गोळीने रिकामे झाले, हे पटत नाही. जुन्या चाळी पाडून कुटुंबे दुसरीकडे हलवली जात होती, आणि सत्तर टक्के बाळंतपणे रुग्णालयात व्हावीत अशी शिफारस सरकारने नेमलेल्या क्रॅनब्रुक समितीने १९५९ मध्येच केली होती. पॉपलरच्या कितीतरी बायकांना अजूनही मुले होत असणार. फक्त ती आता नव्या वस्तीतल्या स्वतंत्र नळाच्या घरात वाढत होती, आणि त्यांच्या जन्माच्या वेळी जिन्याखाली सायकल उभी नव्हती.