प्राचार्य ते प्रीमियर: मॅनिटोबाच्या जॉन ब्रॅकनच्या राजकारणाची पार्श्वभूमी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताचा इतिहास वाचायला घेतला की जॉन ब्रॅकन हे नाव सारखं आडवं येतं. ऑगस्ट १९२२ ते जानेवारी १९४३, सलग वीस वर्षांहून जास्त प्रीमियर (तिकडे प्रांताच्या मुख्यमंत्र्याला प्रीमियर म्हणतात), आणि तरी प्रांताबाहेर फारसं कुणाच्या लक्षात नाही. आपल्याकडे शेतीचे नेते म्हणून ज्यांची नावं घेतो ते पंजाबराव देशमुख काय किंवा वसंतराव नाईक काय, शिक्षणाने वकील. हा गडी मात्र शेतीच शिकलेला, शेतीच शिकवणारा, आणि थेट मुख्यमंत्री झाला तोवर साधी ग्रामपंचायतही लढवलेली नव्हती.

जन्म १८८३ चा, ओंटारियोतला. ग्वेल्फच्या कृषी कॉलेजातून १९०६ ला बाहेर पडला, पश्चिमेकडे गेला, थोडी वर्षं सरकारी नोकरी केली आणि १९१० पासून सस्काटूनला, सस्कॅचेवान विद्यापीठात पीकशास्त्राचा प्रोफेसर. काळ बघा, रेल्वे आलेली, सरकार जवळपास फुकटात जमिनी वाटतंय, युरोपातून आणि ओंटारियोतून माणसं लोंढ्याने येतायत, पण त्यातल्या बहुतेकांना शेती माहीत ती भरपूर पावसाची. इथे काही भागांत पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला ३५०-४०० मिलिमीटर. मग करायचं काय, तर एक अख्खा हंगाम रानात काहीच पेरायचं नाही, नुसतं कुळवत राहायचं, तण दिसलं की मारायचं, म्हणजे त्या वर्षीची थोडी ओल जमिनीत राहते आणि पुढच्या वर्षीच्या गव्हाला मिळते. ब्रॅकन हे शिकवायचा आणि १९२१ मध्ये त्याने पश्चिम कॅनडाच्या कोरडवाहू शेतीवर पुस्तकही काढलं. या पद्धतीत एक खोट होती, भुसभुशीत उघडी जमीन वाऱ्याने उडते, आणि १९३० नंतरच्या दुष्काळात ती खरंच आभाळभर उडाली. तेव्हा हाच माणूस प्रीमियर होता.

पण ते नंतर. १९२० मध्ये तो विनिपेगला मॅनिटोबाच्या कृषी कॉलेजचा प्राचार्य होऊन आला. आधीच्याच वर्षी शहरात मोठा सार्वत्रिक संप होऊन गेलेला, महायुद्धात चढलेले गव्हाचे भाव कोसळायला लागलेले, आणि शेतकऱ्यांचं म्हणणं असं की लिबरल काय न् कन्झर्व्हेटिव्ह काय, दोघं बँकांचे आणि रेल्वे कंपन्यांचे. ओंटारियोत १९१९ ला शेतकरी संघटनेचं सरकार आलं, अल्बर्टात १९२१ ला, आणि जुलै १९२२ मध्ये मॅनिटोबात युनायटेड फार्मर्सचे सगळ्यांत जास्त आमदार निवडून आले.

इथे गंमत आहे. ही मंडळी निवडणूक जिंकली तेव्हा त्यांना नेताच नव्हता. पक्षबाजी नको या तत्त्वापायी नेता ठेवलाच नव्हता, आणि आता सरकार बनवायची वेळ आली. आधी केंद्रातल्या शेतकऱ्यांच्या प्रोग्रेसिव्ह पक्षाचे नेते टी. ए. क्रीरार यांना विचारलं, ते नाही म्हणाले, मग खासदार रॉबर्ट होई, तेही नाही म्हणाले, मग कॉलेजच्या प्राचार्यांना. वय ३९, आमदारही नाही. ते हो म्हणाले. उत्तरेकडच्या द पा मतदारसंघात मतदान पुढे ढकललेलं होतं म्हणून तिथून निवडून येता आलं, आणि पुढे प्रीमियर असेपर्यंत तीच सीट ठेवली.

सरकार चालवलं ते एखाद्या सरकारी फार्मच्या मॅनेजरसारखं. आधी हिशोब जुळवायचा, खर्च छाटायचा, मग बाकीचं. भाषणबाजी नाही, विचारसरणी बेताची. शेतकऱ्यांचं सरकार म्हणून कुणाला क्रांती अपेक्षित असेल तर निराशाच झाली असणार, उलट १९२८ मध्ये सेव्हन सिस्टर्स धबधब्यावरची वीज एका खासगी कंपनीला दिली म्हणून केवढा गोंधळ झाला, चौकशी आयोग बसला, कंपनीचे शेअर घेतलेले दोन मंत्री राजीनामा देऊन बसले. ब्रॅकनवर मात्र काही शाबीत झालं नाही. जमेची बाजू म्हणजे १९३० चा करार. मॅनिटोबा १८७० पासून प्रांत, पण जमीन, खनिजं, जंगल हे सगळं ओटावाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या ताब्यात होतं, ते साठ वर्षांनी प्रांताला मिळालं.

तीसच्या दशकात सगळंच अंगावर आलं. गव्हाचा भाव पडला तेव्हा शेतकऱ्यांच्या व्हीट पूलच्या (गहू विकणाऱ्या सहकारी संघाच्या) बँक कर्जाला प्रांताने हमी दिलेली, ती गळ्यात पडली. १९३२ मध्ये प्रांताची स्वतःची बचत बँक बंद करावी लागली, पुढच्या वर्षी पगारावर २ टक्के कर. अशा परिस्थितीत सरकारं धडाधड पडत होती आणि ब्रॅकन टिकला, कारण जो समोर येईल त्याला बरोबर घेण्याची कला. १९३२ ला लिबरल घेतले. १९३६ ला बहुमत गेलं, तर सोशल क्रेडिट पक्षाच्या पाच आमदारांच्या टेकूवर चालवलं. १९४० ला युद्धाचं निमित्त करून कन्झर्व्हेटिव्ह, समाजवादी सीसीएफ, सगळेच मंत्रिमंडळात, विरोधी बाकांवर माणसं शोधावी लागतील अशी अवस्था. लोकशाहीला हे बरं नव्हतं असं माझं मत. शिवाय विनिपेग शहराला लोकसंख्येच्या मानाने जागा कमी आणि खेड्यांना जास्त, हा हिशोब त्याला सोयीचा होता आणि त्याने तो मोडला नाही.

आणि मग १९४२. केंद्रातला कन्झर्व्हेटिव्ह पक्ष पार खचलेला, आर्थर मीघनसारखा माजी पंतप्रधान टोरंटोतल्या पोटनिवडणुकीत सीसीएफच्या उमेदवाराकडून हरलेला. डिसेंबरात विनिपेगलाच अधिवेशन, आणि पक्षधुरिणांना वाटलं, पश्चिमेतली शेतकऱ्यांची मतं हवीत तर हाच माणूस. ब्रॅकनने अट घातली, नावात प्रोग्रेसिव्ह लावा. लावलं. ते नाव केंद्रात २००३ पर्यंत चाललं.

पण तिथे डाळ शिजली नाही. अडीच वर्षं हा नेता संसदेत गेलाच नाही, बाहेरून प्रांतोप्रांती फिरत राहिला, आणि समोर लिबरल पंतप्रधान मॅकेन्झी किंगसारखा मुरलेला गडी. विनिपेगला सगळ्यांना सोबत घेऊन चालत होतं, ओटावात समोरच्याला अंगावर घ्यावं लागतं, आणि ते याच्या स्वभावातच नव्हतं. जून १९४५ ची निवडणूक आली तेव्हा युरोपातलं युद्ध नुकतंच संपलेलं, आणि पक्ष जपानविरुद्ध सक्तीची सैन्यभरती करा म्हणून सांगत होता. ज्या घरातला मुलगा आता परत यायचा होता तिथे हे कोण ऐकणार? स्वतः नीपावातून निवडून आला, पण पक्षाच्या बहुतेक जागा ओंटारियोतल्या, म्हणजे ज्यासाठी त्याला आणला ते काम झालंच नाही. १९४८ ला पक्षाने त्याच्या जागी नेता म्हणून जॉर्ज ड्रू आणला, १९४९ ला ब्रॅकन ब्रँडनमधून पडला.

शेवटचं सरकारी काम दारूचं. १९५४-५५ मध्ये मॅनिटोबाच्या मद्यविषयक चौकशी आयोगाचा तो अध्यक्ष. तोवर तिथल्या बिअर पार्लरमध्ये फक्त पुरुषांनाच प्रवेश, आयोगाच्या शिफारशींवरून कायदा बदलला आणि बायकांनाही बसता येऊ लागलं. १९६९ मध्ये ओंटारियोतल्या मॅनोटिकला तो वारला, तोपर्यंत मॅनिटोबातली त्याची जुनी आघाडी जाऊन अकरा वर्षं झाली होती. तिला १९५८ मध्ये डफ रॉब्लिनने घालवलं, तेही प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह म्हणून.