जातीलुवीह

जातीलुवीह : इंडोनेशियातील बाली बेटाच्या अंतर्भागातील भातशेतीचे गाव. बाली प्रांताच्या ताबानान जिल्ह्यात, पनेबेल तालुक्यात, बातुकारू पर्वताच्या (उंची २,२७६ मी.) आग्नेय उतारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मी. उंचीवर ते वसले आहे. प्रांताची राजधानी देनपासार येथून ते रस्त्याने जवळजवळ ५० किमी. आहे. पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी भातखाचरे, तेथे अजून टिकून असलेले लाल तांदळाचे पारंपरिक वाण आणि पाणीवाटपाची ‘सुबाक’ ही शेतकऱ्यांची संस्था यांसाठी हे गाव प्रसिद्ध आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये बालीतील सुबाक पद्धतीचा भूप्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला. सुमारे १९,५०० हेक्टरांच्या या वारशाचे पाच घटक असून त्यांपैकी सर्वांत मोठ्या, ‘चतुर् अंग बातुकारू’ या घटकात जातीलुवीहचा समावेश होतो. बातुकारूच्या मुख्य मंदिराची चार उपांगे मानलेल्या मंदिरांवरून या घटकाला हे नाव पडले. त्या चारांपैकी पताली हे मंदिर जातीलुवीहच्याच हद्दीत आहे.

बातुकारू हा आगुंगच्या खालोखाल बालीतील दुसरा उंच पर्वत. तो निद्रिस्त ज्वालामुखी असल्याने उतारावरची माती राखेपासून बनलेली, खोल आणि पाणी धरून ठेवणारी आहे. माथ्यावरचे दाट जंगल मंदिराच्या अखत्यारीतले म्हणून पूर्वापार राखले गेले आणि गावाचे ओढे व झरे याच जंगलातून येतात. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च असा असतो. पण डोंगरावर ढग अडत असल्यामुळे उरलेल्या महिन्यांतही सरी येतात आणि दुपारनंतर धुके उतरते. उंचीमुळे हवा किनाऱ्यापेक्षा थंड, त्यामुळे भात सावकाश पिकते. खाचरांचे बांध दगडी नसून मातीचे आहेत. ते दर हंगामात कुदळीने तासून, गवत काढून, नव्या चिखलाने लिंपावे लागतात. एक हंगाम जरी हे काम चुकले, तरी खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, पाणी झिरपू लागते आणि वरचे खाचर खालच्यावर बसते. दुरून स्थिर दिसणारा हा उतार असा दरवर्षी नव्याने बांधला जातो.

गावाचा कारभार दोन पातळ्यांवर चालतो. सरकारी नोंदी, दाखले, निधी यांसाठी प्रशासकीय गाव आहे. मंदिरे, सण, अंत्यविधी, स्मशान, लग्नसंबंध यांसाठी रूढीने चालणारे ‘देसा आदात’ आहे. एकाच प्रशासकीय जातीलुवीहमध्ये जातीलुवीह आणि गुनुंगसारी असे दोन देसा आदात मोडतात. त्यांच्याखाली ‘बांजार’ म्हणजे वाड्या येतात. लग्न झालेल्या प्रत्येक पुरुषावर बांजारच्या सभेला आणि श्रमाच्या कामाला हजर राहण्याचे बंधन असते. वस्ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतींनी वेढलेल्या घरांच्या आवारांची आहे. प्रत्येक आवारात स्वयंपाकघर, झोपण्याच्या खोल्या, कोठार अशा इमारती सुट्या सुट्या असतात, आणि डोंगराकडच्या पूर्व कोपऱ्यात घराण्याचे मंदिर असते. बालीत दिशा डोंगर आणि समुद्र यांवरून मोजतात. डोंगराकडची बाजू पवित्र व समुद्राकडची तिच्या उलट. गावकरी जवळजवळ सर्व हिंदू आहेत.

या दोन व्यवस्थांच्या बाहेर तिसरी आहे ती सुबाक, आणि जातीलुवीह समजून घ्यायचे तर तिच्यापासूनच सुरुवात करावी लागते. सुबाक म्हणजे एका पाटाच्या पाण्यावर भिजणाऱ्या सर्व खाचरधारकांची संस्था. तिची हद्द गावाच्या हद्दीला जुळेलच असे नाही, कारण ती पाण्यामागोमाग जाते. एकाच गावातले शेजारी वेगवेगळ्या सुबाकांत असू शकतात आणि दोन गावांतले लोक एका सुबाकात. जमीन वडिलोपार्जित असो वा खंडाने कसलेली, पाणी घेतले की माणूस सुबाकाचा सभासद झाला. सुबाक जातीलुवीहखाली सुमारे ३०३ हेक्टर खाचरे असून ती ‘तेंपेक’ नावाच्या उपगटांत वाटलेली आहेत. प्रमुखाला ‘पेकासे’ म्हणतात. सभासद त्याला आपल्यातून निवडतात आणि सुबाकाचे लिखित नियम, ज्यांना ‘आविग-आविग’ म्हणतात, त्यालाही लागू असतात. पाणी चोरणे, ठरलेल्या वेळेआधी लावणी करणे, पाट साफ करायला न येणे यांसाठी दंड ठरलेला असतो. ज्याला श्रमाला येणे जमत नाही, तो त्याबदली भात किंवा पैसे भरतो.

ही संस्था फार जुनी आहे. डोंगरातून पाण्याचे बोगदे खोदणाऱ्या कारागिरांचा उल्लेख बालीतील बेबेतीन येथील इ.स. ८९६ च्या लेखात येतो. सुबाक या शब्दाचे पूर्वरूप अकराव्या शतकातील ताम्रपटांत आढळते. पाणी अडवण्याची युक्ती साधी आहे. ओढ्यावर लहान बंधारा घालून पाणी पाटात वळवतात, खडक आडवा आला तर बोगद्यातून काढतात आणि मग ते ‘तेंबुकू’वर वाटले जाते. तेंबुकू म्हणजे पाटात आडवा टाकलेला लाकडी ओंडका. त्याच्या वरच्या कडेला सारख्या खोलीच्या खाचा कोरलेल्या असतात आणि प्रत्येक खाचेची रुंदी त्या बाजूला भिजणाऱ्या शेताच्या हिश्शाप्रमाणे असते. ओढ्याला पाणी जास्त असो वा कमी, प्रमाण बदलत नाही. वाटप सर्वांच्या डोळ्यांदेखत होत असल्याने भांडणाला जागा कमी उरते. एखाद्याने रात्री खाचेत दगड ठेवला तर सकाळी तो दिसतोच. आता पुष्कळ ठिकाणी ओंडक्याच्या जागी काँक्रीट आले आहे, पण खाचांचा हिशेब तोच आहे. एका हिश्शाच्या पाण्याला ‘तेकतेक’ म्हणतात आणि वर्गणी, श्रम, पूजेचा खर्च हे सर्व तेकतेकांवर मोजले जाते.

उताराच्या वरच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्याच्या हातात पाणी आधी येते. मग त्याने ते खालच्याला का सोडावे, हा प्रश्न धर्माच्या किंवा चांगुलपणाच्या उत्तराने पूर्ण सुटत नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ स्टीव्हन लान्सिंग यांनी बालीतील ओस व पेतानू या नद्यांच्या खोऱ्यांत अभ्यास करून, परिस्थितिकीतज्ज्ञ जेम्स क्रेमर यांच्यासह १७२ सुबाकांचे संगणकीय प्रतिरूप तयार केले आणि त्याचे व्यवहारी उत्तर दिले. खालच्याला चिंता पाण्याची असते, वरच्याला किडीची. सगळ्यांनी एकाच सुमारास लावणी व कापणी केली, तर कापणीनंतर विस्तीर्ण पट्टा काही आठवडे पिकाविना राहतो आणि तपकिरी तुडतुडे व उंदीर यांना खायला काही उरत नाही. खालच्याला पाणी मिळाले नाही, तर तो आपल्या सोयीने मागेपुढे लावणी करील आणि कीड वर सरकेल. म्हणून वरचा पाणी सोडतो व खालचा वेळापत्रक पाळतो. किती सुबाकांनी एकत्र लावणी करायची हे पाण्याच्या मंदिरांतील सभांमध्ये ठरते. बालीत या एकत्रित लावणीला ‘केर्ता मासा’ म्हणतात. लान्सिंग यांचे निष्कर्ष दुसऱ्या खोऱ्यातले असले, तरी जातीलुवीहची व्यवस्था याच तत्त्वावर चालते.

हे सर्व कागदोपत्री ‘त्रि हित करण’ या सूत्राखाली मांडले जाते : देव, माणसे आणि भूमी यांच्याशी सलोखा. या नावाने तत्त्वज्ञानाची मांडणी १९६० च्या दशकात झाली. मागची वहिवाट शतकानुशतकांची आहे. सुबाकाच्या सभेत बोलणे बहुधा पाट, पाळी आणि वर्गणीबद्दलच होते.

गावात वर्षाला भाताची दोन पिके निघतात. त्यांपैकी एक पारंपरिक उंच वाढणाऱ्या स्थानिक भाताचे असते. ते तयार व्हायला पाच ते सहा महिने लागतात आणि त्याचा लाल तांदूळ हीच गावाची मुख्य ओळख आहे. त्यानंतर कमी मुदतीचे सुधारित वाण घेतात. पिकाची प्रत्येक अवस्था देवी श्रीच्या आयुष्यातील अवस्था मानली जाते. बालीत ती भाताची देवता आहे आणि तिचे नाव भारतीय परंपरेतूनच तिकडे गेले आहे. लावणीपूर्वी सभासद उगमापाशी जाऊन ‘मापाग तोया’ म्हणजे पाण्याच्या स्वागताची पूजा करतात आणि त्यानंतरच पाटाला पाणी सोडले जाते. भात पोटरीवर आले की ते गर्भार समजून ‘बियुकुकुंग’ हा विधी करतात. मराठी वाचकाला हे डोहाळे लगेच ओळखू येतील. पाखरे उडवण्यासाठी शेतात बांबूच्या पवनचक्क्या आणि दोरीला बांधलेले डबे वाजत असतात.

स्थानिक भाताची कापणी विळ्याने होत नाही. ‘आनी-आनी’ नावाचे, तळहातात मावणारे आडव्या पात्याचे हत्यार बोटांमध्ये धरून एकेक लोंबी देठासकट खुडतात. देवीला पाते दिसू नये म्हणून ते हातात लपवायचे, असे कारण सांगितले जाते. शिवाय लोंब्या एकाच वेळी पिकत नाहीत, तेव्हा पिकलेली तेवढी निवडता येते. हे काम परंपरेने बायकांच्या गटांकडे असते, तर नांगरणी आणि लावणी पुरुष करतात. लोंब्यांच्या जुड्या बांधून, सुकवून त्या खांबांवर उभारलेल्या, गवती छपराच्या कोठारात रचतात. या कोठाराला ‘लुंबुंग’ म्हणतात. धान्य कोठारात गेल्यावरही तेथे देवीची पूजा होते आणि तिची रजा घेतल्यासारखे करूनच भात काढायला सुरुवात होते. सुधारित वाणांना या थाटाची गरज पडत नाही. त्यांचा दाणा सहज झडतो, म्हणून ते विळ्याने कापून शेतातच झोडतात आणि पोत्यांत भरून व्यापाऱ्याला देतात.

सुधारित वाण बालीत १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमातून आले. शेतकऱ्यांनी मंदिरांचे वेळापत्रक बाजूला ठेवून शक्य तितक्या वेळा भात घ्यावे, रासायनिक खत व कीटकनाशके वापरावीत, असा सरकारी आग्रह होता. पहिल्या काही हंगामांत उत्पादन वाढले. नंतर खाचरे कधीच रिकामी न राहिल्यामुळे तुडतुडे व टुंग्रो या विषाणूजन्य रोगाने पिके गेली, आणि फवारणी वाढवली तर तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच आधी मेले. इंडोनेशियाने १९८६ मध्ये अध्यक्षीय आदेशाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. बालीतील बऱ्याच सुबाकांनी एकत्रित लावणी पुन्हा सुरू केली. उंचावरच्या थंड जातीलुवीहमध्ये जुने भात पूर्णपणे कधी हटलेच नव्हते. नव्या वाणांना तेथील हवा तितकीशी मानवली नाही आणि लाल तांदळाला भाव चांगला मिळत राहिला. आता त्याच तांदळाला भाजून केलेला ‘लाल तांदळाचा चहा’ दुकानांत पाकिटांतून विकला जातो.

भाताखेरीज उताराच्या वरच्या भागात कॉफी, कोको, नारळ, लवंग आणि केळी आहेत. भाजीपाला घरापुरता व बाजारापुरता होतो. कापणी झालेल्या खाचरांत बदके सोडतात. राखणारा काठीला पांढरे कापड बांधून बांधावर रोवतो आणि बदके दिवसभर त्या काठीच्या आसपास सांडलेले दाणे, गोगलगायी व किडे वेचतात. नांगरणीला पूर्वी बालीच्या तांबूस, पांढऱ्या पायांच्या गुरांच्या जोड्या असत. आता हाताने चालवायचा छोटा ट्रॅक्टर बांध ओलांडून खाचरात उतरवतात. गोठे मात्र शेतातच आहेत आणि शेण खतात जाते. पीकपाण्याचे सण २१० दिवसांच्या पंचांगावर चालतात. गालुंगान या मोठ्या सणाच्या २५ दिवस आधी झाडांचा सण येतो. त्या दिवशी शेतकरी झाडाच्या खोडावर टकटक करून त्याला सणापर्यंत भरपूर फळ धरायला सांगतो.

ताबानान हे स्वतंत्र राज्य १९०६ मध्ये डचांच्या ताब्यात गेले. राजा व युवराज यांनी कैदेत आत्महत्या केली. डोंगरावरच्या सुबाकांचा रोजचा कारभार या सत्तांतरातही चालूच राहिला, महसूल तेवढा दुसऱ्याकडे जाऊ लागला. त्या मानाने पर्यटनाने केलेला बदल मोठा आहे. वारशाच्या यादीत नाव आल्यावर खाचरांच्या कडेने उपाहारगृहे, वाहनतळ, सायकलवाटा आणि छायाचित्रांसाठीचे चौथरे उभे राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने २०२४ मध्ये उत्कृष्ट पर्यटन गावांच्या यादीत जातीलुवीहचा समावेश केला. प्रवेशासाठी शुल्क घेतात आणि त्याचा वाटा जिल्हा, देसा आदात व सुबाक यांच्यात जातो. तरी ज्याच्या बांधावर उभे राहून चित्रे काढली जातात त्याच्या हाती किती पडते, हा गावातला जुना वाद आहे. रस्त्याकडेच्या जमिनीवर चार टेबले मांडणाऱ्याला भातापेक्षा लवकर पैसा दिसतो. पण खाचर भरून त्यावर इमारत चढली की खालच्या चार-पाच खाचरांचे पाणी तुटते आणि पाहायला यावे असा उतारही तेवढाच कमी होतो. म्हणूनच येथे बांधकामावर निर्बंध आहेत आणि ते कोणाला कसे लागू करावेत यावरून तणाव होत असतो.

बाली प्रांताने २०१२ मध्ये सुबाकासाठी स्वतंत्र नियम केला. त्याने सुबाकाला रूढीने चालणारी स्वायत्त संस्था म्हणून मान्यता दिली आणि तिला सरकारी मदत मिळण्याची वाट केली. पाणी व नियम यांची सोय त्याने झाली. माणसांची अडचण राहिली. खाचरधारकांच्या वाट्याला येणारी जमीन बहुधा अर्ध्या हेक्टरहूनही कमी, आणि मुलगे शिकून देनपासारला, कुटाच्या हॉटेलांत किंवा परदेशी प्रवासी जहाजांवर नोकरीला जातात. बरीच शेते वाट्याने कसणाऱ्या ‘पेन्याकाप’ शेतकऱ्यांकडे आहेत आणि बांध लिंपणाऱ्यांत पन्नाशी ओलांडलेल्यांचा भरणा अधिक आहे.