नाण्यांच्या पुंगळीचा कागद जपावा का? थोडी पार्श्वभूमी

"कागद राहू दे, आधी नाणी दाखवा," कोल्हापुरातल्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, एका जाणकार काकांनी पहिलंच वाक्य हे ऐकवलं. माझ्या हातात आजोबांच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानातल्या चार पुंगळ्या होत्या, कमळाच्या पितळी वीस पैशांच्या, वर्तमानपत्राच्या पट्टीत घट्ट गुंडाळून दोन्ही टोकं आत दुमडलेल्या. आणि मी तर नेटवर वाचून गेलेलो की मूळ कागदातला रोल असला की भाव चढा मिळतो. मग जरा खोलात गेलो तर लक्षात आलं की दोन्ही बरोबर आहे, फक्त दोघांचा इतिहास वेगळा आहे.

बंद पुडक्यावर विश्वास ठेवायची सगळ्यात पक्की पद्धत मला जपानची वाटते. तिथे एदो काळात (साधारण सतरावं ते एकोणिसावं शतक) सोन्याचांदीची नाणी मोजून कागदात बांधायचे, वर अधिकृत घराण्याचा शिक्का मारायचे, आणि ते पुडकं न फोडताच या हातातून त्या हातात जायचं, म्हणजे किंमत शिक्क्यावर ठरायची. आपल्याकडे हे काम पोतदाराचं. तो एकेक नाणं पारखणार, झिजलेल्याला बट्टा लावणार, आणि मगच ते पुढे चालणार. कोल्हापुरात पोतदार आडनावाची किती घरं आहेत बघा. काकांचं ते वाक्य मला थेट तिथूनच आलेलं वाटतं.

रोल जमवायचं वेड खरं अमेरिकेतलं. तिथे बँका सेंटची 50 आणि पाच सेंटची 40 नाणी कागदात गुंडाळून देतात, त्यामुळे टांकसाळीतून आलेला कोरा माल तसाच कपाटात ठेवणं सोपं. 1950 साली डेन्व्हरच्या टांकसाळीत पाच सेंटची नाणी फक्त 26 लाख 30 हजारांच्या आसपास पाडली गेली, ही बातमी फुटली आणि लोकांनी रोलच्या रोल दाबून ठेवले. दोन डॉलरचा रोल 1964 पर्यंत सुमारे 1200 डॉलरवर गेला आणि मग धाडकन आपटला, कारण नाणी सगळ्यांकडेच कोरी शिल्लक होती, वापरात गेलीच नव्हती!

तिथे कागदाला भाव आहे तो साक्षीदार म्हणून. आतली नाणी कुणी निवडून काढलेली नाहीत एवढंच तो सांगतो. पण कागद परत गुंडाळता येतो, टोकाला एक चांगलं नाणं दिसेल असं ठेवून आत साधी भरता येतात, म्हणून शहाणा गिऱ्हाईक तिथेही जपूनच असतो.

आपल्याकडे असा बँकेचा कागद फारसा नाहीच. पूर्वी थैल्या, आता 100 नाण्यांची प्लॅस्टिकची पाकिटं. पुंगळी बांधायचा तो दुकानदार, आणि ती मोजणी सोपी व्हावी म्हणून. अपवाद मुंबई-कोलकाता टांकसाळींच्या प्रूफ सेटचा, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांचा, तिथे मूळ डबी नसेल तर भाव नक्की पडतो, कारण त्या आरशासारख्या नाण्याला एकदा बोट लागलं की डाग कायमचा.

काकांसमोरच एक पुंगळी सोडली. 50 नाणी, दहा रुपये बरोब्बर. 1969, 70, 71 अशी साल मिसळलेली, बरीचशी हाताळून गुळगुळीत झालेली, म्हणजे हा गल्ल्यातलाच माल. टोकाची दोन्ही नाणी काळपट, आणि एकावर तर छापील अक्षरं उलटी उमटलेली. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, ते धातूला वर्षानुवर्षं खात राहतं, आणि मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं असतं तर हिरवट चिकट थर आला असता, ते त्याहून वाईट. काकांनी नाण्यांचा भाव सांगितला, कागदाचा शून्य.

तरी मी कागद टाकला नाही. आजोबांनी पेन्सिलीनं पट्टीवर '10' लिहिलंय, त्यांच्या त्या वाकड्या शून्यासकट. चारही पट्ट्या आता वहीत वेगळ्या चिकटवल्यात, कुठल्या पुंगळीत कुठल्या सालची किती नाणी होती ते शेजारी लिहून, आणि नाणी गेली पीव्हीसी नसलेल्या पाकिटांत.